पहिल्या तासाची झोप

दवाखान्याच्या फॉर्मवरच्या 'व्यवसाय' या रकान्यात निकम सरांनी 'व्यापार' असं लिहिलं. घरी तर ते दाताचं निमित्त सांगूनच संभाजीनगरला आले होते. चार महिने झोप नाही म्हणून मेंदूला चुंबकाचं मशीन लावून घेतलं, हे पिशोरात कळलं की गाव म्हणणार, सरांना शॉक देतात. चुंबक आणि शॉक यातला फरक कळावा, इतकं काही तीस वर्षांत सरांनी गावाला शिकवून ठेवलं नव्हतं.

मशीनवरच्या पोरसवदा माणसानं त्यांना खुर्चीत बसवलं, डोक्यावर घट्ट टोपी चढवली, टेपनं माप घेऊन पेनानं खूण केली. मग वाकून चेहरा निरखला.

"निकम सर ना? मी गोकुळ. धनगरवस्तीवरचा. फॉर्मवर व्यापार वाचला, म्हणून वळखलं नाय."

सरांना तो आठवला. रात्रभर बापासोबत मेंढरं राखायचा आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकायचा. सर पावलं न वाजवता मागून जायचे. डस्टरची लाकडाची बाजू वापरायचे.

"मी आपला सहज आलो होतो," सर म्हणाले.

"व्हय की," गोकुळ म्हणाला. "डोक्यावर नुसती टकटक होईल, सर. दुखणार नाय."

वीस मिनिटं टकटक झाली. खरंच दुखलं नाही. थोडं दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं.

टोपी उतरल्यावर ते खाली बघत म्हणाले, "गोकुळ, मी तुला लई मारलं रे."

"त्याचं काय एवढं, सर. तुमचा मार खाल्ला म्हणून तर इथवर आलो. नायतर असतो मेंढरांमागं." गोकुळ हसला. "अन् गावात काय बोलत नाय मी. पेशंटचं बाहेर सांगत नसतेत."

सरांच्या जिवात जीव आला. आपला मार फळाला आला, हे त्यांना फार लवकर पटलं.

गोकुळ पाया पडायला वाकला. सरांनी रिवाजाप्रमाणे आशीर्वादाला हात उचलला.

हात डोक्याशी पोचायच्या आत गोकुळची मान खांद्यांत गेली आणि डोळे गच्च मिटले.