जर्मनच्या बांगड्या

परशू गावकराने तिसऱ्यांदा दगड घातला तेव्हा बांगडी चेपली, पण तुटली नाही. रंगाला एक ओरखडा पडला, तेवढाच. केशरने ती पायरीवरून उचलली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पुन्हा गोल केली आणि सगळ्यांच्या देखत हातात चढवली.

"काचंच्या हुत्या त्या तुमी फोडलासा," ती म्हणाली. "हिला काय करतासा बगा."

कुंभारवाडा गावच्या देवळापुढे पंधरा-वीस माणसं बसली होती. विधवेने रंगीत बांगडी भरायची नाही, एवढं सांगायला गावप्रमुख या नात्याने गावकराने बैठक बोलावली होती. सांगून झाल्यावर पुढे काय करायचं, हे त्याला सुचेना.

केशरचा नवरा येसाजी दहा महिन्यांपूर्वी, १९२१ च्या मार्गशीर्षात, सागाचे तराफे घेऊन काळी नदीतून कारवारकडे निघाला होता. वाटेत तराफा फुटला. त्याच्याबरोबरच्या दोघांची प्रेतं सापडली, येसाजीचं नुसतं मुंडासं सापडलं. सांगावा आला तेव्हा केशर रडली नाही. नक्की का, असं तिने दोनदा विचारलं. बाराव्या दिवशी तिच्या बांगड्या फोडल्या, तेव्हाही ती गप्पच होती. सासू फुलाला वाटलं, पोरीचा विश्वासच बसत नाही.

दुसऱ्या दिवशी केशरने येसाजीचं अंथरूण पडवीतून उचलून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं, कोपऱ्यातली त्याची काठी चुलीत घातली आणि पडवी सारवून घेतली. त्याच्या वस्तू तिला डोळ्यांपुढे बघवत नाहीत, असं फुला शेजारणींना सांगायची. त्याच पडवीत केशरने आपलं काम मांडलं.

तिचा बाप नंदिगड्ड्याला भांड्यांना कल्हई करायचा. लग्नाआधी भाता तीच ओढायची, त्यामुळे पत्रा कापणं, ठोकणं हाताला ठाऊक होतं. बाजारकुणंगला मोजणीवाल्या साहेबाचा तळ उठला, तेव्हा मागे टाकलेली फुटकी जर्मनची भांडी तिने गोळा करून आणली. धातू नवा होता. ॲल्युमिनियम हे नाव तिकडे कोणाच्या तोंडी नव्हतं, सगळे जर्मनच म्हणायचे. हलका आणि मऊ. पट्टी कापून मुसळावर वळवली की बांगडी व्हायची. लग्नानंतर एकदा मोडलेलं केशरचं उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं, काचेची बांगडी तिथून जाताना दुखायची. जर्मनची बांगडी ती हवी तेवढी उघडी ठेवू शकत होती.

पण रंग बसेना. लाख तडकली. हळद हाताला लागली. तेलात कालवलेला गेरू आठवड्याभरात पोपडे होऊन गळाला. चार महिने ती रोज काहीतरी उकळत होती. एकदा धुण्यासाठी तिने राखेचं पाणी जर्मनच्या पातेल्यात तापवलं, तर पातेलं आतून निस्तेज आणि खरबरीत झालं. त्यातच तिने पतंग नावाच्या रानझाडाच्या लाकडाचा लाल काढा शिजवला. काढा ओतून दिला तरी पातेलं लालच राहिलं. कितीही धुतलं तरी लाल.

केशर मोठ्याने हसली. फुलाने ते हसणं आतून ऐकलं आणि ती घाबरली. तिने सुनेला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मग वाट सापडली. बांगडी राखेच्या पाण्यात बुडबुडे येईपर्यंत ठेवायची, धुऊन ओली असतानाच गरम रंगात सोडायची, नंतर साध्या पाण्यात उकळून तेल चोळायचं. फणसाच्या लाकडाच्या भुशाने पिवळा आला. हिरव्याने मात्र जीव खाल्ला. शेवटी आधी नीळ आणि वरून फणस, असं करून कोवळ्या भातासारखा हिरवा उतरला. त्या दिवशी तिने दोन्ही हात भरले आणि विहिरीवर गेली. तिथूनच बातमी गावकराकडे पोचली होती.

बैठकीनंतर भातकापणीला तिला कोणी बोलावलं नाही. ती एकटी रानात जाऊन हिरडे गोळा करायची, हातभर बांगड्या वाजवत. गावात एकच बोललं जाऊ लागलं, की केशरला नवरा जिवंत वाटतो. काहींनी वेडी म्हटलं, काही बायांना गलबलून आलं. तिने त्यातलं काहीच खोडून काढलं नाही.

एका दुपारी फुला पडवीत येऊन बसली.

"खरं सांग. येसू हाय न्हवं? तुला काय तरी कळतंय."

केशर कानस चालवत होती. ती थांबली. "माज्या हातात बांगडी हाय, आत्ती. आनी काय सांगू?"

त्या दिवसापासून सासू सुनेसाठी पतंगाचं लाकूड फोडू लागली. गावकर पुन्हा तंबी द्यायला आला, तेव्हा दारात फुलाच आडवी उभी राहिली. पुढे एकदा सहा वर्षांमागे विधवा झालेली चंद्रा आली आणि तिने पदराआडून हात पुढे केले. केशरने तिला चार लाल बांगड्या भरल्या. जाताना चंद्राने हात पदराबाहेर ठेवले होते.

पुढच्या वैशाखात, भरदुपारी, येसाजी गावात आला.

आपल्याला एका मचव्याने उचललं, पुढे रत्नागिरीकडे आजारपण, मग तिथेच काम, असं तो सांगत होता. सगळं गाव पडवीपुढे लोटलं. फुला त्याला कवटाळून रडत होती. परशू गावकराने सर्वांसमोर केशरला हात जोडले. तुझा भरवसा खरा ठरला, चुकलो ते आम्ही, असं तो म्हणाला. त्याची बायको धावत घरी जाऊन काचेचा हिरवा चुडा घेऊन आली. तो भरायला फुलाने सुनेचा हात धरला.

केशरने हात सोडवून घेतला. येसाजीकडे तिने पाहिलं नाही.

"माज्या ह्याच ऱ्हाऊ द्यात, आत्ती," ती म्हणाली. "पर ह्या त्याच्या नावाच्या न्हाईत. त्यो मेला, त्या आनंदात भरल्यात मी."