वाद्यातला दोष

"उमेदवाराचे वाद्य परदेशी कारखान्यातून टपालाने मागवलेले, स्वस्त प्रतीचे आहे. त्यामुळेच ते ऐन परीक्षेत खरखरले. निवड समितीचा यात कोणताही दोष नाही." असा अहवाल वाद्यवृंदाच्या फलकावर लागला.

यातले पहिले विधान निर्विवाद आहे. इलेक्ट्रिक गिटार टपालानेच आली होती, सूचीपत्रातला फोटो पाहून मागवलेली. वाद्यवृंदाच्या मुख्य गिटारवादकाने आपल्या गिटारची नुसती रिकामी पेटी विकली असती, तरी या गिटारची किंमत वसूल झाली असती. मंडळी तिला 'पार्सल' म्हणत. पुढे पुढे वाजवणारीलाही म्हणू लागली. अहवालातले शेवटचे विधानही, समित्या ज्या अर्थाने असली विधाने करतात त्या अर्थाने, खरे मानता येईल. मधले अनुमान तपासण्याची तसदी मात्र कुणी घेतली नाही. हीच गिटार वर्षानुवर्षे लग्नांत, शाळांच्या सभागृहांत आणि जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणांत वाजली होती आणि एकदाही खरखरली नव्हती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती घरी वाजत होती, तेव्हा शेजारच्या खोलीत रियाज करणारा मुख्य गिटारवादक आपला हात थांबवून बराच वेळ ऐकत राहिला होता.

मुख्य गिटारवादक हा उमेदवाराचा नवरा.

वाजवणे संपल्यावर तो दारात येऊन म्हणाला होता, "उद्या माझी घेऊन जा."

"नको रे. माझी बोटं हिलाच ओळखतात."

या औदार्याची गोष्ट वाद्यवृंदात सर्वांना ठाऊक होती, कारण ती त्यानेच सर्वांना सांगितली होती. निवड समितीत असूनही नातेसंबंधामुळे गुण देण्याचे त्याने नाकारले. वाद्याविषयीचे तांत्रिक मत तेवढे दिले; अहवालातले मधले विधान त्याचेच आहे. एवढी सचोटी पाहून समिती भारावून गेली.

वयाची अट पाहता वाद्यवृंदात शिरण्याची तिची ही शेवटची संधी होती. पेटी मंचावरच उघडायची, असा नियम होता. तिने उघडली, पहिली ओळ वाजवली, आणि तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून फुटक्या पत्र्यासारख्या वाजल्या. गिटारच्या मानेत एक पोलादी सळी असते. ती नको तितकी आवळली की मान मागे झुकते आणि तारा पडद्यांना टेकतात. छोट्या षट्कोनी किल्लीचा एक उलटा फेरा दिला की सारे पूर्ववत होते. काय झाले आहे हे तिला अंगठ्याच्या स्पर्शानेच कळले. तिने किल्लीसाठी पेटीच्या कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

"सर, मला पाच मिनिटं द्या. मान ताणली गेलीये. कुठूनतरी किल्ली मिळवते."

"अहो बाई," संचालक म्हणाले, "पाच मिनिटांत पार्सलचं वाद्य होतं का?"

समिती पोट धरून हसली. एखादी महागडी गिटार अशी खरखरली असती, तर याच समितीने हवामानाला बोल लावला असता आणि ती नीट होईस्तोवर चहा मागवला असता. स्वस्त वस्तूची बदनामी ही फार सोयीची जागा असते. तिच्याआड काहीही दडवावे; कोणी शोधायला येत नाही.

संध्याकाळी घरी सांत्वनाचे काम नणंदेने अंगावर घेतले.

"वहिनी, राग मानू नकोस हं, पण खोक्यातून आलेल्या वस्तूकडून अपेक्षा तरी किती ठेवायची? दादा स्वतःची देत होता ना? पण नाही. तुलाच नसता बाणा दाखवायचा होता."

नवरा मखमली फडक्याने आपली गिटार पुसत होता. "जाऊ दे ग. तिला कशाला टोचतेस?"

"का जाऊ दे? वहिनी, सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा हा बिचारा तुझं ते पार्सल मांडीवर घेऊन इवलीशी किल्ली फिरवत बसला होता. घामाघूम झाला होता अगदी! बायकोची एवढी काळजी कोण घेतं सांग?"

फडके जागच्या जागी थांबले.

नणंदेला आपण काय बोललो ते कळले नव्हते. दोघांचे चेहरे पाहून ते हळूहळू कळू लागले. बायकोने आवाज चढवला नाही. तिने एवढेच विचारले, "मला पाडायचंच होतं, तर काल तुझी गिटार का देत होतास?"

त्याने फडक्याची व्यवस्थित घडी घातली. आपण असे काही बोललोच नाही, असे तो पुढे सांगत फिरला; म्हणून त्याचे उत्तर जसेच्या तसे नोंदवणे भाग आहे.

"माझी नेली असतीस, तर मी कशालाही हात लावला नसता. तू कितीही सुंदर वाजवलं असतंस, तरी लोक म्हणाले असते, काय गिटार आहे! त्या पार्सलवर वाजवल्यावर मात्र नाव घ्यायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी उरत नव्हतं."