खिडकीचं वजन

निवृत्तीनंतर दोघांनी मनसोक्त फिरायचं, म्हणून नवऱ्याने गॅरेजमध्ये कॅम्पर बांधायला घेतला. कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची, दोघांना झोपण्यापुरती चाकांवरची खोली. गॅरेजचं दार बुटकं, म्हणून छत खाली आलं. गाडी लहान, जास्त ओढायची नाही, म्हणून मग वजनाचं भूतच त्याच्या मानगुटीवर बसलं. तिच्या पुस्तकांची फळी गेली, आरसा गेला. तिने आपणहून मागितली होती ती एक खिडकी, तिच्यावरही त्याने काट मारली.

"काच फार जड असते गं," तो म्हणाला होता. मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायचं काम तिचं, ते ती धरत राहिली.

आज सगळा हिशेब करूनही वजन थोडं जास्तच भरत होतं.

"मी आलेच नाही तर?" तिने सहज विचारलं. तो 'काहीतरीच काय' म्हणेल, असं तिला वाटलं.

त्याने कानावरची पेन्सिल काढली, प्लायवुडवरच वजाबाकी केली आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

"अगं, मग तुझी खिडकी बसते की. कुठल्या बाजूला घेऊ?"

तिने टेपचं टोक भिंतीला टेकवलं.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली. "तुम्ही डाव्या कुशीवर झोपता."