सुजेतले खड्डे

चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटातल्या कॅन्सरपुढे हात टेकले, तेव्हापासून भागीरथा घरीच नवऱ्याचे, डोमाजीचे, सुजलेले पाय दाबून द्यायची. दाबलं की सुजेत तिच्या जाड बोटांचे खड्डे उमटत.

एके दुपारी ती धान कापून आली, तर पायांवर ताजे खड्डे होते. बारीक बोटांचे.

"कोण आलती?"

"मले का मालूम," डोमाजी डोळे मिटूनच म्हणाला. "पण तिच्या हातानं दुखणं थांबते."

"अन् माह्या हातानं?"

त्याने पाय पांघरुणात ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी भागीरथा दाराला कडी लावून पायांशीच बसली. डोमाजी कण्हत होता. भरदुपारी कण्हणं थांबलं. सुजेत एकेक बारीक खड्डा आपोआप पडू लागला, आणि डोमाजी हसला.

भागीरथाने दोन्ही पाय गच्च धरले. "माहा नवरा हाये!"

तिच्या तळहातांखाली कुणाची तरी बोटं होती. ती मागे सरली नाहीत.