एकच बटण

"एवढं सगळं नाही मावायचं, आप्पा," शौनक म्हणाला.

पायगोंडा पाटलांनी आणलेला मजकूर लग्नपत्रिकेला शोभला असता. वर देवाचं नाव, खाली गावाचं, मधे ओळीच्या ओळी माफी. शौनककडे जागा होती पट्टीएवढी.

"मग बारीक अक्षरात घाल की."

"बारीक कोण वाचतंय?"

शौनक मूळचा वाईचा. सांगलीत वेबसाइटी बनवून द्यायचं दुकान टाकून त्याला वर्ष होत आलं होतं. १९९९ साल होतं. दुकान कशाचं आहे हे निम्म्या गावाला कळत नव्हतं, उरलेलं निम्मं झेरॉक्स काढायला येई. म्हणून कुंडलहून एसटीने आलेल्या, ऐंशीला टेकलेल्या शेतकऱ्याने हलती जाहिरात मागितली, तेव्हा त्याला आधी थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. आप्पांची मुलगी त्रिशला वीस वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न करून अमेरिकेला गेली. आप्पांनी तिच्या नावाने आंघोळ केली. पुढे तिची आई वारली, तेही तिला कळवलं नाही. आता पत्ताही कुणाला ठाऊक नव्हता. तिकडची मराठी माणसं एक वेबसाइट रोज उघडतात आणि त्रिशलाही उघडते, एवढंच पुतण्या भरतेश कुणाकडून तरी ऐकून आला होता.

"आईचं तोंड बगू दिलं न्हाई मी तिला," आप्पा म्हणाले. "लय वंगाळ केलं. समद्यांची क्षमा मागून झाली. तिची तेवढी ऱ्हायलीय."

"क्षमा केली की येईलच ती भेटायला."

"यायचं मी कुटं म्हणतोय? क्षमा केली म्हणली तरी बास."

शौनकने चहा मागवला. आप्पांनी कप सरकवला. "धान्य, दूध सोडलंय रं. ताक असंल तर बग." म्हाताऱ्याला पथ्य असणार, असं म्हणून शौनकने शेजारून ताक आणलं.

मग तो कामाला लागला. कामात पोरगा पक्का होता, बोलण्यात जरा जास्तच. "आप्पा, बॅनरवर नजर पडते क्षणभर. तेवढ्यात माणूस थांबला पाहिजे. पहिलं चित्र थांबवणारं. दुसरं चटका लावणारं. तिसऱ्यावर हालचाल बंद, म्हणजे वाचता येतं. आणि मागायचं एकच. दोन गोष्टी मागितल्या की लोक एकही करत नाहीत."

आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून फोटो काढला. हळदीच्या पोत्यावर बसलेली दोन वेण्यांची पोर. ते झालं पहिलं चित्र. दुसऱ्यात तेच पोतं, पोर नाही. तिसऱ्यात कोणते शब्द टाकावेत, यावर शौनक घोळत बसला, तेव्हा आप्पाच म्हणाले, "आप्पांचं चुकलं, असं लिव."

तिकडे मराठी फॉन्ट नसला तरी दिसावीत म्हणून शौनकने अक्षरं चित्रासारखीच काढली. रंग कमी करून फाइल हलकी केली. बॅनरवर टिचकी मारली की एक कोरं पान उघडायचं. त्यावर एकच बटण, 'क्षमा केली'. तळाशी दुकानाचा फोन नंबर.

बॅनर लागलं आणि आप्पांच्या खेपा सुरू झाल्या. येऊन गुमान बाकावर बसायचे. शौनक आकडे बघून सांगायचा. टिचक्या पडत होत्या. अमेरिकेतून कुणीतरी रोज ते पान उघडत होतं, आणि बटण न दाबताच निघून जात होतं.

"तीच आसंल," आप्पा म्हणायचे. "न्हाई करत क्षमा. का करावी तिनं?"

त्यांची गालफडं बसली होती. ताकही बंद झालं, आता नुसतं गरम पाणी मागायचे. भरतेश हाताला धरून पायरी चढवायचा. शौनकला ते बघवेना. एक बाई अमेरिकेत बसून हट्ट करतेय आणि इथे बाप झुरून मरतोय, याचा त्याला मनापासून राग आला. आपलं बॅनर वाया गेलं, याचंही वाईट वाटत होतं, नाही असं नाही.

एका दुपारी भारनियमन संपून वीज आली. शौनकने संगणक चालू केला, ते पान उघडलं आणि बटण स्वतःच दाबलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पडद्यावरचा तो एकचा आकडा कितीतरी वेळ पाहिला.

"तिनंच दाबलं?"

"दुसरं कोण दाबणार, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढली. संगणकाला हात जोडले आणि लहान पोरासारखे रडले. शौनकच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने लगबगीने गरम पाण्याचा पेला पुढे केला.

"आता पानी बी नगं, गड्या. लय उपकार झालं तुजं."

भरतेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. तोही रडतोय हे शौनकला दिसलं, आणि एवढ्या आनंदात माणूस रडायचाच, असं त्याला वाटलं.

त्यानंतर आप्पा फिरकले नाहीत. पंधरा-वीस दिवस गेले. शौनकचा जीव भांड्यात पडला होता. म्हातारा घरी चार घास खात असेल, अंगणात उन्हाला बसत असेल. कधीतरी थाप खरी करून टाकू, त्रिशलाबाईंना गाठून समजावू, असंही त्याच्या मनात येई.

एका संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. आवाज लांबून येत होता.

"मी त्रिशला बोलतेय, पायगोंडा पाटलांची मुलगी. तुमचं बॅनर मी रोज बघते हो. रोज रडते."

"ताई! अहो, आप्पांना फक्त तुमची क्षमा..."

"ती मी केव्हाच केलीय. पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळालंय, समोर येऊन सांगणार आहे. त्यांना कळवू मात्र नका. तुम्ही जैन नाही ना? आमच्यात म्हातारी माणसं सल्लेखना घेतात. एकेक पदार्थ सोडत जातात, शेवटी पाणीही सोडून देह ठेवतात. पण त्याआधी सगळ्यांची क्षमा मिळावी लागते. आप्पांची माझ्यापाशी अडलीय. म्हणून तर रोज बटणावर बोट नेते आणि मागे घेते. मी दाबत नाही, तोवर ते जात नाहीत."