तडजोडीतली एक अट

“आजी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?” सिस्टरने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

“औषधाची नाही. वांगं चालत नाही, ते लिही!” आत्या वैतागली.

बाबा याच हॉस्पिटलमध्ये वारले. पेनिसिलिन चालत नाही, हे त्यांनी दोनदा सांगूनही कुणी लिहून घेतलं नाही आणि तेच इंजेक्शन दिलं गेलं. ग्राहक आयोगात तीन वर्षं भांडल्यावर हॉस्पिटलने चूक कबूल केली. तडजोडीत मी एकच अट घातली: प्रत्येक पेशंटला विचारायचं, त्याच्यासमोर लिहायचं, वाचून दाखवायचं. ती अट पाळतात का, हे बघायला आत्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हट्टाने हेच हॉस्पिटल निवडलं. मी मात्र तिच्या खाटेपासून हलत नव्हते.

सिस्टरने समोरच लिहिलं आणि खणखणीत वाचलं, “औषधांची अ‍ॅलर्जी नाही. वांगं चालत नाही. बरोबर?”

“एकदम बरोबर!” आत्या हसली. “बघितलंस ना? जा आता, चहा पिऊन ये.”

सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळून तेच विचारू लागली. आत्याला तिथे एकटीला सोडून मी निघाले. जिना उतरेपर्यंत एकदाही मागे वळून पाहावंसं वाटलं नाही.