बेचाळिसाव्यांदा घरी

आईची नवी गोष्ट ॲपवर टाकता टाकता मी विचारलं, "या वेळी कसा आला?"

"एसटीनं. दाढी वाढली होती," मेथी निवडत आई म्हणाली.

तिची आवडती मालिका संपली तेव्हा नायक बेपत्ताच राहिला होता. मग चाहतेच त्याच्या पुढच्या गोष्टी लिहू लागले. आईनं बेचाळीस लिहिल्या आणि प्रत्येकीत तो घरी परतला. आमचे बाबा अकरा वर्षांपूर्वी दळण आणायला गेले, ते अजून आलेले नाहीत.

तेवढ्यात माझ्या हातून ॲपवरची, आईनं वाचलेल्या गोष्टींची यादी उघडली गेली. सगळ्या इतरांच्या, आणि सगळ्यांत तो मेलेला. प्रत्येकीखाली आईची प्रतिक्रिया होती. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, 'प्रेत सापडलं, बरं झालं. अग्नी दिल्यावर त्याची बायको घरी येऊन झोपते, ते फार आवडलं.'

"मग तूही असंच लिही ना," मी म्हणाले.

"परवा बसले होते. तिरडीपर्यंत आणलं त्याला." तिनं हातातली काडी मोडली. "पण आपल्या घरात बसून असं कसं लिहू? वास्तू तथास्तु म्हणते. बाकीचे त्यांच्या घरात लिहितात."

फोन वाजला. एका वाचकानं विचारलं होतं, 'ताई, इतक्या वर्षांनी खरंच येतं का हो कुणी?'

"येतं म्हणून लिही," आई म्हणाली.

मी लिहिलं. मग तिनं हात पुसून फोन घेतला आणि आज कुणी त्याला जाळलंय का, ते शोधू लागली.